करंजाची खानावळ

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझा नवा कोरा स्टेथोस्कोप एका झाडाला लागला. पशुवैद्यकीची पदवी घेऊन मी बेंबळीच्या पुढं, फाट्यापासून आत असलेल्या एका गावात जनावरांच्या दवाखान्यात रुजू झाले होते. सकाळचे साडेसात वाजले असतील. एकही जनावर अजून आलेलं नव्हतं. खाकी पँट, पांढरा सदरा आणि डोक्याला जाळीची गोल टोपी अशा वेशातले एक वयस्क गृहस्थ माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले आणि हात पुढं करून म्हणाले, "बाई, जरा नळी द्या."

"पेशंट आलाय का?" मी विचारलं.

"पेशंट हितंच आसतोय. अठरा वर्सं झाली. द्या तर खरं."

मी स्टेथोस्कोप दिला. ते अंगणात गेले, कानात टोकं घातली आणि चकती करंजाच्या खोडाला लावून डोळे मिटून उभे राहिले. मे महिना होता. झाड फुलांनी लगडलं होतं. फिकट जांभळट फुलांचा सडा खाली लाह्यांसारखा पडला होता. मिनिटभरानं त्यांनी मला बोलावलं आणि तीच टोकं माझ्या कानात घालायला लावली.

"आयकू येतंय का?"

मला काहीही ऐकू येत नव्हतं. खरी गोष्ट अशी की वर फांद्यांत मधमाश्यांची नुसती गर्दी उडाली होती आणि त्यांची गुणगुण मला आत खुर्चीत बसूनही ऐकू येत होती. स्टेथोस्कोप कानात घातल्यावर उलट ती बंद झाली. पण समोरचा चेहरा इतका उजळला होता की मी म्हटलं, "हो, येतंय की."

"मंग!" ते म्हणाले. त्या 'मंग'मध्ये जो रुबाब होता तो पुढं मी एकाही साहेबाच्या आवाजात ऐकला नाही.

गावात लहानथोर सगळे त्यांना चाचा म्हणत. सर्व्हिस बुकात त्यांचं नाव होतं, पण ते नाव घेऊन कुणी विचारत आला तर गावातला माणूस आधी चक्रावायचा आणि मग म्हणायचा, "आवं, चाचा म्हना की!" सरकारी भाषेत ते व्रणोपचारक होते, म्हणजे जनावरांच्या जखमा धुऊन पट्टी बांधणारे. बैलाचं फुटलेलं शिंग असो की म्हशीच्या सडाला तारेनं पडलेली चीर असो, चाचांचा हात लागला की जनावर निम्मं शांत व्हायचं. जनावरांशी ते दखनीत बोलत, माणसांशी मराठीत, आणि साहेबलोकांशी शक्यतो बोलतच नसत. चार पुस्तकं शिकून मी त्यांची वरिष्ठ झाले होते एवढंच. पहिल्या सहा महिन्यांत मी जे शिकले त्यातलं निम्मं त्यांच्या खांद्यावरून डोकावून शिकलेलं आहे, हे सांगायला मला आजही कमीपणा वाटत नाही.

ते झाड त्यांनी तिथं कशापायी लावलं, हे गावानंच मला सांगितलं. दवाखान्याच्या अंगणात पूर्वी सावली म्हणून नव्हती. सरकारी मोहिमेतून आलेली निलगिरीची दोन झाडं होती, पण त्यांची सावली धोतराच्या काठाएवढी. एका मे महिन्यात एक देवणी बैल रांगेत उभ्या उभ्या उन्हानं कोसळला. आला होता खुराच्या साध्या जखमेसाठी. चाचांनी पाण्याच्या घागरी ओतल्या, मालकाच्या पागोट्यानं वारा घातला, पण बैल उठला नाही. दवाखान्याच्या दारात, आजारानं नव्हे तर उन्हानं जनावर जावं ही गोष्ट त्यांच्या फार जिव्हारी लागली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते काठी घेऊन अंगणात उभे राहिले. लोखंडी नळ्यांचा तो चौकोन, ज्यात जनावर उभं करून तपासतात, त्याला आमच्याकडं खोडा म्हणतात. त्या खोड्याच्या मावळतीला बारा पावलं मोजून त्यांनी काठी रोवली. तीन-चार तास तिची सावली कुठं कुठं सरकते ते विटेच्या तुकड्यानं आखत राहिले. पंधरा वर्षांनी झाड केवढं होईल, दुपारी एक ते चार त्याची सावली कुठं पडेल, याचा तो हिशोब. येणारेजाणारे हसत होते. एकानं विचारलं म्हणे, "चाचा, पंदरा वर्सांनी बदली झाली तर?" चाचा म्हणाले, "माजी व्हईल. सावलीची कशी व्हईल?"

बी त्यांनी येडशीकडच्या पाव्हण्यांकडं गेल्यावर रामलिंगाच्या वाटेवरच्या एका ओढ्यातून आणलं. वाळून पडलेल्या करंजाच्या शेंगा, खिशात मावतील तेवढ्या. करंजच का, याचं उत्तर ते बोटांवर मोजत द्यायचे. आपल्याच ओढ्याचं झाड, कमी पाण्यावर तगतं. मार्चात पानं गाळतं पण ऊन वाढेपर्यंत पुन्हा गच्च होतं. पान कडू, त्यामुळं जनावर तोंड लावत नाही. बियांच्या तेलानं खरूज बरी होते आणि जखमेवर माशी बसत नाही. एवढं सांगून ते थांबायचे आणि मग आवाज खाली आणून म्हणायचे, "आन् फूल बगा त्याचं." फूल बघितल्याशिवाय तिथून हलता येत नसे.

रोपाला पाणी द्यायची त्यांची पद्धत सबंध पंचक्रोशीत गाजली. दवाखान्यातल्या सलाईनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन, त्यात पाणी भरून ते रोपाशेजारी काठीला उलट्या टांगत. नळी मुळाशी. चाक फिरवून मिनिटाला किती थेंब हे घड्याळ लावून बघत. लोक मुद्दाम बघायला येत, "चाचानं झाडाला सलाईन लावलीया!" चाचांना त्यात गंमत वाटत नसे. अशक्त पेशंटला एकदम पाणी देत नाहीत, थेंब थेंब देतात, हे त्यांना जनावरांवरून ठाऊक होतं. ते झाडालाही तसंच चालेल असं त्यांनी ठरवलं आणि ते चाललं.

करंजाच्या पानाला जनावर तोंड लावत नाही हे खरं, पण आमच्या भागातली काळी उस्मानाबादी शेळी या नियमात बसत नाही. रोप दोन वर्षांचं असताना, लसीला आणलेल्या एका शेळीनं त्याचा शेंडा कुरतडून नेला. शेळीची मालकीण मला ही हकिगत पुन्हा पुन्हा सांगायची. "म्या म्हनलं, चाचा आता मारत्यात शेळीला. तर त्यांनी काय करावं? शेळीला लस टोचली, सोडली, आन् झाडाम्होरं बसून पट्टी बांदाय लागले की वं!" शेण आणि मातीचा लेप, वर पांढरी पट्टी, अगदी बैलाच्या पायाला बांधतात तशी, गाठ बाहेरच्या बाजूला.

आणि मग त्यांनी केसपेपर केला. दवाखान्यात आलेल्या जनावरांची नोंदवही असते, तिच्यात रकाने असतात: मालकाचं नाव, जनावर, वय, तक्रार, निदान, उपचार. चाचांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: करंज. दोन वर्षे. शेंडा शेळीने खाल्ला. लेप व पट्टी. आठ दिवसांनी दाखवणे. त्यानंतर वाळवी लागली, वाऱ्यानं फांदी चिरली, कुणी तरी सालीवर नाव कोरलं, जे काही झालं ते वहीत चढलं. मग एकदा वरून तपासणी आली. साहेबांनी पान उलटता उलटता विचारलं, "हे करंज कुठलं जनावर?" बाकीचे खाली बघायला लागले. चाचा म्हणाले, "साहेब, हालत न्हाय येवढंच, बाकी जनावरच हाय." साहेबांनी तेव्हाच्या डॉक्टरांची चांगलीच खरडपट्टी काढली. त्या दिवसापासून चाचांनी शंभर पानी वेगळी वही घातली, रकाने मात्र तेच ठेवले. मी रुजू झाले तेव्हा ती वही औषधांच्या कपाटात, करंजतेलाच्या बाटलीमागं असायची.

ती वही मी पहिल्यांदा चाळली तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मालकाचा रकाना पहिल्या पानापासून रिकामा होता.

"तुमचं नाव का नाही लिहिलं, चाचा?"

"जागा सरकारी, पानी सरकारी, म्या बी सरकारी. मालक म्हून कुनाचं नाव लिवू?"

"वाढवलं कुणी? तुम्ही."

"म्या पट्टी बांदनारा हाय, बाई. पट्टी बांदनारा मालक नसतोय."

झाडाबद्दल त्यांचे कायदे होते. खोडाला जनावर बांधायचं नाही. त्यासाठी त्यांनी सावलीत दगड पुरून लोखंडी कड्या ठोकल्या होत्या. पडलेली फुलं नऊच्या आत झाडायची नाहीत, कारण तोवर मुंग्या आणि माश्या त्यांच्यावर असतात. खालच्या फांदीवर फुलोरी माशीचं, म्हणजे बारक्या मधमाशीचं, तळहाताएवढं पोळं लागायचं, त्याच्या खाली मोठ्यानं बोलायचं नाही. या शेवटच्या कायद्याचा गावावर असा परिणाम झाला होता की तावातावानं भांडत आलेली माणसंही त्या फांदीपाशी आली की आवाज उतरवून भांडत.

पण पाहुण्याला ते सगळ्यात आधी दाखवायचे ते फूल नव्हे, पोळं नव्हे. दाखवायचे पान. करंजाच्या पानाला काय काय होतं! कुठं फोड, कुठं पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा, कुठं गोल भोकं, कुठं पानाचं पान गुंडाळलेलं. चाचा असं पान उन्हात धरायचे आणि म्हणायचे, "ही भोकं बगा. लई मेहनतीची हायेत." कुणी म्हणालंच की चाचा, झाडाला रोग पडलाय, तर ते त्याला सावलीत बसवून समजावत. ही रेघ एवढ्याशा अळीची. ती अळी शिंपी पक्षी त्याच्या पिलांना घालतो. ही भोकं पाडणारी वेगळी, तिचं निळं फुलपाखरू होतं. "हे झाड न्हाय, खानावळ हाय. पान कोरं ऱ्हायलं म्हंजे खानावळ चालत न्हाय."

हे मी डझनभर वेळा ऐकलं होतं. हसले होते. आणि तरीही जे करायचं ते करून बसले.

मला येऊन वर्ष होत आलं होतं. पुन्हा मे महिना. भाचीच्या लग्नासाठी चाचा आठ दिवस रजेवर नळदुर्गला गेले. त्यांनी मला एवढं शिकवलं, आपण त्यांच्यासाठी काही तरी करावं, असं मनात होतं. त्यात त्या वर्षी पानं फारच कुरतडलेली दिसत होती. फांद्याच्या फांद्या जाळी झालेल्या. मी पशुवैद्य आहे. अंगावर काही वळवळताना दिसलं की त्याला औषध असतं, हे मला पाच वर्षं शिकवलेलं. गोचिडांसाठी जनावरांच्या अंगावर मारायचं औषध कपाटात होतं. गोठे फवारायचा पाठीवरचा पंप होता. खानावळीची ती सगळी बोलणी मी म्हाताऱ्या माणसाचं कौतुक म्हणून ऐकली होती. शास्त्र म्हणून ऐकलीच नव्हती. चाचा परत येतील तेव्हा झाड स्वच्छ, हिरवंगार दिसलं पाहिजे, या हौसेनं मी सकाळी नऊ वाजता, झाड फुलांनी आणि माश्यांनी भरलेलं असताना, स्वतःच्या पाठीवर पंप घेऊन दोन पंप फवारले. वर शिडी लावून.

दुपारी पहिली माशी माझ्या केसपेपरवर पडली. पाठीवर, पाय हलवत. मी ती फुंकून टाकली. मग दुसरी पडली. चारच्या सुमाराला मी बाहेर आले तर पायाखाली बारीक कुरकुर वाजलं. फुलांच्या सड्यावर माश्यांचा दुसरा सडा पडला होता. दुसऱ्या दिवशी खालच्या फांदीवरचं पोळं उघडं पडलं, मेणाचं नुसतं पांढरट पान लोंबत होतं. अळ्या धाग्यांना लटकून वाळल्या होत्या. झाड अगदी हिरवंगार दिसत होतं आणि त्यातून कसलाही आवाज येत नव्हता. मी स्वतःच्या हातानं झाडू मारला. एक पाटी भरली. ती कुठं नेऊन टाकावी हे मला कळेना, म्हणून मी झाडाच्याच मुळाशी खड्डा करून पुरली आणि घरी जाऊन रडले.

चाचा आले ते लग्नातले लाडू घेऊन. गेटातून आत पाऊल टाकल्याबरोबर थांबले. त्यांना काही बघावं लागलं नाही. लाडवाचा डबा टेबलावर ठेवला, माझ्यापुढं हात केला. "नळी द्या."

त्यांनी ती खोडाला लावली. नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. मग गुंडाळून माझ्या हातात दिली. "कुनी मारलं?"

"मी, चाचा. पानं खराब झाली होती म्हणून..."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते आत गेले, बाटलीमागची वही काढली, माझ्यापुढं उघडून ठेवली आणि पेन दिलं. "लिवा."

मी लिहिलं. करंज. एकोणीस वर्षे. तक्रार: पाने कुरतडलेली. निदानाच्या रकान्यापाशी हात थांबला.

"रोग काय व्हता?" चाचांनी विचारलं.

"काही नव्हता."

"मंग तेच लिवा."

निदान: काही नाही. उपचार: चुकीचा. खाली मी सही केली. माझ्या सगळ्या नोकरीत इतका खरा केसपेपर मी दुसरा लिहिलेला नाही.

"येक इचारू, बाई?" ते म्हणाले. "साधी सुई टोचायची म्हनली तरी तुमी जनावराच्या मालकाला इचारता. ह्याला मालक आसता, तर इचारलं आसतं का न्हाय?" आणि मालकाच्या रिकाम्या रकान्यावर बोट टेकवून ते बाहेर गेले.

मला ते त्यानंतर एका शब्दानं बोलले नाहीत. डब्यातली भाकरी मोडून अर्धी माझ्यापुढं ठेवायचे ती ठेवत राहिले. चाचीनं केलेली शेंगदाण्याची चटणी आठवणीनं आणत राहिले. आडव्या आलेल्या वासराला हात घालताना माझ्या मागं उभे राहत होते. फक्त एक गोष्ट बंद झाली. त्यांनी माझ्याकडं स्टेथोस्कोप मागणं सोडून दिलं. पूर्वी आठवड्यातून दोनदा तरी हात पुढं यायचा. फुलं नसतानाही ते खोडाला चकती लावून काही तरी ऐकत असत. आता ते झाडाखालून जात, कड्या तपासत, पानं झाडत, पण माझ्यापुढं हात येत नव्हता. मी मुद्दाम स्टेथोस्कोप दाराजवळच्या खिळ्याला, त्यांच्या नजरेसमोर टांगून ठेवायला लागले. त्याच्यावर धूळ बसली की ते ती पुसायचे आणि पुन्हा खिळ्याला लावायचे.

पुढच्या मेअखेरीला चाचा निवृत्त होणार होते. म्हणजे झाडाचा एकच बहर त्यांच्या नोकरीत उरला होता. एवढं झाड वाढवलं त्या माणसानं जाताना मुकं झाड मागं ठेवून जावं आणि ते माझ्यामुळं, हा विचार मला वर्षभर कुरतडत होता.

मार्चात पानं गळाली. एप्रिलमध्ये नवी पालवी आली, इतकी कोरी आणि तुकतुकीत की बघवत नव्हती. कळ्या धरल्या. फुलं उमलली. पहिल्या आठवड्यात मुंग्या आल्या, दोन काळे भुंगे आले, एक शिंजीर येऊन चोच घालून गेला. माशी नाही. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता, रानात फुलं नव्हती, माश्याच कमी आहेत, असं मी स्वतःला सांगत होते. चाचा रोज सात वाजता येत, झाडाखाली उकिडवे बसत, चहा पीत, वर बघत.

"येतील का हो?" न राहवून मी विचारलं.

"खानावळ येकदा बदनाम झाली की गिऱ्हाईकाला टाईम लागतो," ते म्हणाले. वर्षभरात त्या प्रकारावर ते बोलले ते एवढंच.

मग तो दिवस आला. सकाळची गर्दी होती. खोड्यात एक लाल कंधारी गाय उभी होती आणि गाभण आहे का हे तपासायला माझा उजवा हात खांद्यापर्यंत तिच्या आत होता. डाव्या हातात तिची शेपटी. स्टेथोस्कोप माझ्या गळ्यात. एवढ्यात चाचा समोर आले. हात पुढं केला.

"बाई, नळी द्या."

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. दोन्ही हात अडकलेले. "गळ्यातनं घ्या ना, चाचा."

पण परक्या बाईच्या गळ्यातून काही काढून घेणं त्यांच्या रिवाजात बसणारं नव्हतं. ते तसेच, ओंजळ धरून उभे राहिले. शेवटी मी मान खाली घातली, बैलानं जू टाकावं तशी हलवली आणि स्टेथोस्कोप घसरून त्यांच्या ओंजळीत पडला. ते झाडाकडं गेले. मी गाईच्या पाठीवरून बघत होते. त्यांनी डोळे मिटले. माझे कान मोकळे होते. गाईचा मालक, बायका, शेळ्या, सगळ्यांच्या गलक्यावर, वरच्या फांद्यांतून बारीक, एकसारखी गुणगुण येत होती. फार नव्हती. पण होती.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पुसायला हात नव्हता. गाईचा मालक घाबरला. "बाई, काय झालं वं? गाभन न्हाय का?"

"आहे! चार महिन्यांची आहे!" मी ओरडून सांगितलं. ती खरंच होती.

त्यांचा निरोपसमारंभ दवाखान्याच्या खोलीत ठेवला होता. चाचांनी खुर्च्या उचलून झाडाखाली नेल्या. शाल, श्रीफळ, भाषणं झाली. लोक म्हणाले, चाचा, तुमी बी बोला. ते उठले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "हितं सावली पडाय लागल्यापासून दारात जनावर उन्हानं पडलं न्हाय. येवडंच केलं." आणि बसले. टाळ्या एकदम वाजल्या, आणि शेळीची ती मालकीण पदरानं डोळे पुसत सगळ्यांच्या नंतरही वाजवत राहिली. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की जणू तो माझा बाप होता.

जाताना त्यांनी वही माझ्या हातात दिली. घरी जाऊन मी शेवटचं पान उघडलं. त्यांच्या सुवाच्य अक्षरात नोंद होती: करंज. वीस वर्षे. तक्रार नाही. निदान: तब्येत उत्तम. उपचार: काही करू नये. आणि मालकाच्या रकान्यात, पहिल्या पानापासून रिकाम्या राहिलेल्या त्या रकान्यात, माझं नाव होतं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मला पुढं लसीकरणाच्या कामाबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं, ते कुठल्या फाइलीत आहे हे आठवत नाही. ही वही मात्र प्रत्येक बदलीत हातातल्या पिशवीतून नेली आहे.

आता मी तामलवाडीच्या बाजूला असते. यंदाच्या मेमध्ये त्या दवाखान्यातून फोन आला. नवीन डॉक्टरीण रुजू झाली होती. उत्साही, आवाजावरून हुशार. "मॅडम, इथल्या करंजाची पानं सगळी खाल्लीयेत. तुमच्या वेळेला तुम्ही काय फवारत होता?"

या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. "उद्यापर्यंत थांबा," एवढं म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून पहिल्या एसटीनं निघाले.

पंप भरून तयार होता. तोच पंप. झाड माझ्या वेळेपेक्षा दुप्पट झालेलं, सावली खोडा ओलांडून गेटापर्यंत गेलेली. तिच्यात दगडांच्या कड्यांना सात-आठ जनावरं रवंथ करत उभी. "मॅडम, यासाठी एवढ्या लांब कशाला आलात?" ती ओशाळून म्हणाली. मी वही काढली आणि तिला आधी माझा केसपेपर वाचायला दिला. निदान काही नाही, उपचार चुकीचा, खाली सही. तिनं सही बघितली, माझ्याकडं बघितलं. मग मी शेवटचं पान उघडलं आणि मालकाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"औषध मारायचं असेल तर आधी मालकाला विचारावं लागतं. मालक म्हणतात, मारायचं नाही."

तिनं पंप उचलून आत ठेवला. मग मी तिच्याकडं स्टेथोस्कोप मागितला, खोडाला लावला आणि तिच्या कानात टोकं घालायला लावली. "ऐकू येतंय का?"

ती बिचारी बराच वेळ ऐकत राहिली. "हो," म्हणाली. खोटं बोलत होती. मला फार बरं वाटलं.

तिथूनच चाचांना फोन लावला. ते आता नळदुर्गला लेकीकडं असतात. कानांनी कमी ऐकू येतं, त्यामुळं दोन्हीकडून ओरडून बोलणं होतं. खालच्या फांदीवर तळहाताएवढं पोळं लागलेलं, आणि मी त्याच्या खाली उभी राहून त्यांचा कायदा मोडत होते.

"खानावळ चालू हाय का?" त्यांनी विचारलं.

"चाचा, सगळ्या झाडावर एक पान कोरं नाही!"

"मंग!" तोच रुबाब. मग गेल्या एवढ्या वर्षांत मला कधीही 'बाई'शिवाय हाक न मारलेले चाचा म्हणाले, "ठिवा आता फोन, मालक. गिऱ्हाईक खोळंबलं आसंल."